अकरा दिवसांची सरळ रेघ

सकाळी आठला आणि रात्री आठला
मी पट्टीपुढे गुडघ्यांवर बसते.
आधी ब्रशानं शेवाळ घासते, मग थांबते.
लाट चढते तिथला आकडा, उतरते तिथला आकडा,
मधला लिहिते.
अताने हेच शिकवलं होतं. त्याचा हात माझ्या मानेवर,
"खाली वाक, अजून. नदीला वरून वाचायचं नसतं."
अर्ध्या सेंटिमीटरवरून तो दिवसभर अबोला धरायचा.
बाजारात साखर घेताना आधी रिकामा तराजू बघायचा,
पासंग आहे का म्हणून.

बिश्केकहून इल्गिज आला, पुलाखाली रडार लावायला.
चार दिवस तारेवरच्या पाळण्यात लटकून
त्यानं नदीची रुंदी कापून काढली,
प्रत्येक दोन मीटरवर पंखा पाण्यात सोडला,
मी काठावर घड्याळ धरून टिकटिक मोजली.
दमलेला, आनंदी, चहात जर्दाळूचा मुरंबा घालून
संध्याकाळी जुन्या वह्या संगणकात भरत बसला.

मग म्हणाला, "बुरुल-एजे, हे बघा."
शहाण्णवचा जानेवारी.
एकशे बेचाळीस. एकशे बेचाळीस. एकशे बेचाळीस.
बावीस वेळा.
पडद्यावर एक रेघ, टेबलाच्या कडेसारखी.
"खालच्या ठाण्यावर त्याच आठवड्यात
बर्फानं पाणी तुंबून पाऊण मीटर चढलं,
मग एका रात्रीत उतरलं.
आणि इथे नदी मांडी घालून बसली होती?"

मी वही जवळ ओढली.
शाई बावीसही ठिकाणी एकाच दाटीची.
एका बैठकीत लिहिलेलं. कोट न काढता, बहुतेक.
खाली सही : सागिनबाय.

मी तेव्हा सात वर्षांची होते.
आठवतो तो ट्रकचा धूर, खिंडीतला वारा,
आणि अताच्या मेंढीच्या कातड्याला येणारा वास.
फुप्फुसात पाणी झालं होतं, म्हणतात.
पाण्याला दुसरी जागा मिळाली नाही.

त्या आकड्यांवरून कुणीतरी, कुठेतरी,
कालव्याचं दार किती उघडायचं ते ठरवलं असेल.
हे मी मोठ्यानं म्हटलं. इल्गिज काही बोलला नाही.
"पुसून टाक मग."
"पुसत नाहीत. रकाना रिकामा ठेवतात,
शेजारी कारण लिहितात."
कारणांची यादी उघडली :
उपकरणात बिघाड. बर्फ. पट्टी वाहून गेली.
त्याचं बोट खाली सरकलं, थबकलं.
निरीक्षक गैरहजर.

गैरहजर.
मी उठले, ट्रंकेच्या तळाशी हात घातला.
सिगारेटचं एक पाकीट आहे, उलगडून सपाट केलेलं.
आतल्या पांढऱ्या बाजूला पेन्सिलीनं,
सकाळी आठ, रात्री आठ :
एकोणचाळीस पूर्णांक चार. चाळीस पूर्णांक एक.
चाळीस पूर्णांक तीन. पुन्हा चाळीस पूर्णांक तीन,
आणि समोर प्रश्नचिन्ह, म्हणजे पारा नीट उतरवला नव्हता
की काय याची शंका आली असावी त्याला.
मग सदतीस पूर्णांक नऊ.
बावीस आकडे. एकही अंदाजपंचे नाही.

इल्गिजनं ते दिव्याखाली धरलं. बराच वेळ.
म्हणाला, "याला आमच्याकडे रकाना नाही."
"नसू दे," मी म्हटलं. "तू तुझं बरोबर लिही."
त्यानं लिहिलं. निरीक्षक गैरहजर.
रेघ मोडली, मध्ये भगदाड पडलं,
आणि खरं सांगू, पहिल्यांदाच
मला तो जानेवारी थंड वाटला.

आठ वाजले. कंदील घेऊन खाली गेले.
शेवाळ घासलं, वाकले, अजून वाकले.
वरून इल्गिज ओरडला, रडार सांगतंय एकशे सदतीस.
मला एकशे पस्तीस दिसत होते.
दोन्ही लिहिले.